घाट जुना, यंत्र नवे

मराठी भाषेत 'घाट' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. डोंगराच्या अंगाने वळसे घेत चढणारी वाट हा एक घाट. आणि भांड्याला, दागिन्याला किंवा कवितेला जी घडण लाभलेली असते तोही घाटच. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर अलीकडे हे दोन्ही घाट एकमेकांस भेटू लागले आहेत. परतवाडा मागे टाकून मेळघाटाच्या डोंगरात शिरणाऱ्या मोटारींत, विशेषतः पावसाळ्यातील शनिवार-रविवारी, एक मोटार पुनःपुन्हा दृष्टीस पडते. वाटोळे दिवे, उभ्या फटींची सपाट जाळी, चौकोनी अंग, चाकांवरून पुढे आलेले मडगार्ड असे तिचे सारे रूप दुसऱ्या महायुद्धातील जीपगाडीचे आहे. आणि बॉनेटखाली जे धडधडते ते मात्र सर्वस्वी आजचे. नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडणारी महिंद्रा कंपनीची 'थार' ती हीच.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात मोटारीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यास आमचे उत्तर असे की, जुन्या आकृतीत नवा आशय घालता येतो काय, आणि घातल्यास ती परंपरा ठरते की सोंग ठरते, हा प्रश्न आमच्या टीकाशास्त्रात फार दिवसांचा आहे. कवितेच्या बाबतीत त्याची चर्चा करू लागले म्हणजे आपण बहुधा शब्दांच्या धुक्यात हरवतो. मोटारीच्या बाबतीत तसे होण्याचे भय कमी. तिचा प्रत्येक भाग काही काम करतो किंवा करीत नाही, हे हाताने चाचपून पाहता येते. आणि चिखलदऱ्याचा चढ हा त्या कामी पुरेसा कठोर परीक्षक आहे. शिवाय हा प्रश्न एका मोटारीपुरता राहिलेला नाही. वाड्याच्या धर्तीची उपाहारगृहे, जुन्या घडणीचे दागिने, कंदिलाच्या आकाराचे विजेचे दिवे ह्यांनी आपली घरे आणि आपले सुट्टीचे दिवस भरून गेले आहेत. आपण जुने जपीत आहोत की जुनेपणा विकत घेत आहोत, हे एकदा स्वतःला विचारून पाहणे बरे.

ह्या मोटारीविषयी दोन मते सर्वत्र ऐकू येतात. तिचे चाहते म्हणतात की, आजोबांच्या काळची जीप नव्या सोयींसह परत आली, ह्याहून अधिक काय हवे? उलटपक्षी, जुन्या गाड्यांचे कट्टर भोक्ते म्हणतात की, ज्या गाडीचे इंजिन, गिअर आणि स्प्रिंगा सगळेच निराळे, तिला जीपचा मुखवटा चढवणे ही फसवणूक आहे. दोन्ही पक्ष रूप आणि यंत्र ह्यांना एकमेकांपासून सुटे करून बोलतात, हा दोहोंतील समान दोष होय. रूप कोठून आले आणि ते आज काय काम करते, हे पाहिल्यावाचून त्याच्या खरेखोटेपणाचा निवाडा करता येत नाही.

म्हणून प्रथम मूळ रूपाकडे वळू. जीपगाडीचे रूप सौंदर्यासाठी रेखाटलेले नाही. ते घाईतून आणि काटकसरीतून जन्मले. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला चारही चाकांनी चालणारी, हलकी, कोठेही नेता येईल अशी गाडी हवी होती, आणि पहिला नमुना हजर करण्यास मुदत होती अवघ्या ४९ दिवसांची. बॅन्टम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो नमुना वेळेत पोचवला. पुढे विलिज आणि फोर्ड ह्या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. तिचे अंग सपाट आहे, कारण सपाट पत्रा लवकर कापता येतो आणि कोठेही ठोकून सरळ करता येतो. तिची पुढची काच आडवी पाडता येत असे, कारण गाडी बुटकी झाली म्हणजे ती जहाजात कमी जागा व्यापते आणि शत्रूच्या नजरेसही कमी पडते. जाळीची कथा तर याहून बोधप्रद आहे. विलिजच्या आरंभीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी असे. फोर्डने एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ उभ्या फटींची स्वस्त जाळी बसवली, आणि विलिजनेही ती उचलली. ज्या फटींना आज कुलचिन्हाचा मान मिळतो, त्या मुळात चार पैसे वाचवण्यासाठी पडलेल्या आहेत.

आणि तरीही ही गाडी सुंदर होती. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, तेव्हा श्रीमंतांच्या देखण्या मोटारींच्या ओळीत जीपलाही जागा मिळाली. तिच्या अंगावर अनावश्यक असे काहीच नव्हते, आणि जे होते ते आपण कशासाठी आहोत हे उघडपणे सांगत होते. तिचे सौंदर्य ह्या प्रामाणिकपणाचे होते. तिची नक्कल करू पाहणाऱ्यापुढे ह्यामुळेच एक पेच उभा राहतो. दागिन्याची नक्कल दागिना घडवून करता येते. पण दागिना नाकारण्यातून जे रूप आले त्याची नक्कल केली की तो नकारच दागिना होऊन बसतो.

आपल्या देशात हे रूप युद्धाच्या शेपटीबरोबर आले. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा आणि महंमद ह्या पेढीने १९४७ मध्ये मुंबईत विलिजच्या जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. पुढच्याच वर्षी, फाळणीनंतर, पेढीचे नाव महिंद्रा आणि महिंद्रा असे झाले. ह्यानंतरच्या तीन-चार दशकांत आडरानात जाणाऱ्या सरकारचे पाय म्हणजे जीप, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जंगल खाते, पाटबंधारे खाते, देवी आणि हिवताप ह्यांच्या मोहिमा, निवडणुकीच्या पेट्या, ह्या सर्वांची वाहतूक तिने केली. सरकारी कामातून निवृत्त झाल्यावर ती लिलावात निघे, आणि तिचे दुसरे आयुष्य एखाद्या तालुक्याच्या गावी सुरू होई.

ह्या दुसऱ्या आयुष्यात एक गोष्ट घडली, तिची नोंद मोटारींच्या चाहत्यांनी फारशी घेतलेली नाही. पेट्रोल महाग झाले तेव्हा गावोगावच्या मिस्त्रींनी जुन्या जीपमधील पेट्रोलचे इंजिन उतरवून तेथे डिझेलचे इंजिन बसवले. कंपनीनेही हाच मार्ग धरला. तिच्या ऐंशीच्या दशकातील 'एमएम ५४०' ह्या जीपमध्ये प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचे डिझेल इंजिन होते. अंग जुने आणि यंत्र नवे, हा प्रकार आज श्रीमंत हौशी लोक मोठ्या खर्चाने करून घेतात. आमच्याकडील मिस्त्रीने तो हौशीचे नाव न घेता, पदरमोड वाचवण्यासाठी, निंबाच्या झाडाखाली केला. कारण अंग अजून चालण्याजोगे होते, आणि चालण्याजोगी वस्तू टाकून देण्याची ऐपत त्याच्या गिऱ्हाइकाला नव्हती.

येथे दोन गोष्टींतील भेद स्पष्ट होतो, आणि ह्या लेखात आम्हांस जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते ह्या भेदाभोवतीच आहे. मिस्त्रीने जुने टिकवले. आजचा कारखाना जुनेपणा तयार करतो. पहिल्या प्रकारात रूप हे शिल्लक असते, दुसऱ्या प्रकारात ते ठरवून घेतलेले असते. शिल्लक राहिलेल्या रूपाला कोणी खरेखोटेपणाचा जाब विचारीत नाही, जसा म्हाताऱ्या माणसाला त्याच्या सुरकुत्यांचा जाब कोणी विचारीत नाही. परंतु ठरवून घेतलेल्या रूपाला तो विचारावा लागतो. तुला हे रूप कशासाठी हवे होते, असा तो प्रश्न आहे.

आता हा प्रश्न थारला विचारू. ह्या नावाची पहिली गाडी २०१० साली आली. आज जी घाटात दिसते तिचे दर्शन १५ ऑगस्ट २०२० रोजी घडवण्यात आले आणि विक्री त्याच वर्षीच्या २ ऑक्टोबरला सुरू झाली. दोन्ही तिथी कशा निवडल्या असतील हे सांगावयास नको. जुनेपणाच्या विक्रीला राष्ट्रीय स्मृतीचे बळ नेहमीच लागते. पण यंत्राची प्रगती मात्र डोळ्यांत भरण्याजोगी आहे. युद्धकाळातील विलिजच्या इंजिनाची धारणा २१९९ घन सेंटिमीटर होती; नव्या थारच्या डिझेल इंजिनाची २१८४. म्हणजे सिलिंडरांतील पोकळी जवळजवळ तेवढीच. परंतु पहिल्यातून ६० अश्वशक्ती निघत असे, दुसऱ्यातून १३० निघते. चाकांना पीळ देण्याचा जोर १४२ न्यूटन-मीटरांवरून ३०० वर गेला आहे. तीन गिअरांचे सहा झाले, आणि कमानीच्या पट्ट्यांच्या जागी वळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. एवढ्याच पोकळीतून दुपटीहून अधिक काम काढण्यास ऐंशी वर्षांचे ज्ञान लागले.

रूपाकडे पाहताना प्रत्येक अवयवाला एकच कसोटी लावावी. हा अवयव आज काढून टाकला तर घाटात गाडीचे काही अडेल काय?

पुढचे नाक आखूड आणि उंच आहे; चाकाच्या पुढे फारसे काही लोंबत नाही. त्यामुळे उभा चढ समोर आला असता गाडीचे नाक जमिनीत रुतण्याआधी चाक चढाला लागते. मूळ जीप ४५ अंशांच्या चढाला अशी भिडत असे. नवी थार ४१.८ अंशांपर्यंत भिडते. मागच्या बाजूने उतरताना मूळ जीपचा कोन ३५ अंशांचा होता, थारचा ३६.८ आहे. येथे जुने रूप केवळ शोभेसाठी राहिलेले नाही. ते आपले मूळचे काम आजही करीत आहे, आणि एका बाबतीत थोडे अधिक करीत आहे. सपाट बॉनेट आणि सरळ बाजू ह्यांचेही तसेच. वळणावर समोरून एसटीची गाडी आली म्हणजे आपल्या गाडीचे दोन्ही कोपरे चालकाला दिसावे लागतात, आणि गोलाईच्या मोटारीत ते दिसत नाहीत. गिअरच्या शेजारचा तो दुसरा दांडा तर जीपचा आत्माच म्हटला पाहिजे. तो ओढला म्हणजे इंजिनाची शक्ती चारही चाकांना वाटली जाते. आणखी एका जागी नेला म्हणजे गती कमी होऊन ओढ कित्येक पटींनी वाढते, आणि निसरड्या उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनच गाडीला धरून ठेवते. हे काम आज एखाद्या बटणावरही सोपवता आले असते. ते दांड्यावरच ठेवले, ह्यात कारागिराच्या हाताची स्मृती राखली गेली. डोळ्यांच्या स्मृतीपेक्षा ही स्मृती आम्हांस अधिक मोलाची वाटते.

आता उलट बाजू. पुढची काच आडवी पडत नाही. ती पडावी असे आज कोणी म्हणणारही नाही. जाळीच्या उभ्या फटींतून वारा आत जातो हे खरे, पण तो आडव्या फटींतूनही गेला असता. त्यांचे उभेपण केवळ ओळख पटवण्यापुरते उरले आहे. चालकासमोर पडदा आहे, आणि गाडी किती अंशांनी कलली आहे हे तो आकड्यांत सांगतो. जो कल पाठीला आणि कमरेला कळतो तो पुन्हा पडद्यावर वाचावयाचा, ह्यात करमणूक असेल, उपयोग थोडा. तथापि ही सारी क्षम्य अलंकरणे होत. अलंकारामुळे कविता बिघडत नाही. तो पोकळी झाकू लागला म्हणजे बिघडते.

खरी हानी मागच्या बाजूला झाली आहे. जुन्या जीपला मागे फाळका असे, आणि फाळक्याच्या आत समोरासमोर दोन बाक. त्या बाकांवर किती माणसे बसावीत ह्याला कायद्याने मर्यादा होती, व्यवहाराने नव्हती. वऱ्हाडात जिला 'काळी-पिवळी' म्हणतात ती भाड्याची जीप ह्याच घडणीतून निघाली. बाजाराच्या दिवशी धारणी-सेमाडोहकडील कोरकू बायाबापड्या, त्यांच्या टोपल्या, एखादे करडू, आणि शाळेतून परतणारी दोन पोरे, एवढा संसार त्या दोन बाकांवर मावत असे. ह्या व्यवस्थेतील धोका आम्ही विसरलेलो नाही. टपावर बसून घाट उतरणे हे काही काव्य नव्हे, आणि त्या दाटीने कित्येकांचे प्राणही घेतले आहेत. पण जीपच्या घडणीत एक सामाजिक औदार्य होते; तिची मागची बाजू गावासाठी उघडी होती. २०२० च्या थारमध्ये आरंभी बाजूच्या बाकांची, सहा माणसांची एक आवृत्ती होती. ती लवकरच मागे घेण्यात आली, आणि पुढे ह्या गाडीत चार आसने राहिली. मागच्या दोघांना पुढचे आसन दुमडून, अंग चोरून आत शिरावे लागते. २०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दारांची 'थार रॉक्स' आली तेव्हा मागे बसणाऱ्यांना स्वतःचे दार मिळाले, पण ते एका कुटुंबाचे दार होते. रूप राखले आणि औदार्य गाळले, असा हा हिशेब आहे. चेहरा इतका ओळखीचा असल्यामुळे पाठीतला हा बदल आपल्या लक्षातही येत नाही. आणि जुन्या रूपाचा धोका असेल तर तो हाच.

त्याहून स्पष्ट उदाहरण पुढे घडले. जानेवारी २०२३ मध्ये ह्याच गाडीची एक स्वस्त आवृत्ती निघाली. तिचे डिझेल इंजिन १४९७ घन सेंटिमीटरांचे होते, कारण त्या वेळच्या कररचनेत चार मीटरांहून आखूड आणि दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीला कर कमी बसे; आणि थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहेच. ह्यात गैर काही नाही. गैर वाटते ते असे की, ह्या आवृत्तीत शक्ती केवळ मागच्या दोन चाकांना मिळते. तो दुसरा दांडा नाही. चार चाकांची जी शक्ती मिळवण्यासाठी १९४० साली हा सारा खटाटोप झाला, तीच काढून घेऊन तिचे कवच तेवढे विकावयास ठेवले. वाटोळे दिवे तेच, उभ्या फटी त्याच, सपाट मडगार्ड तेच. चिखलात मात्र ती इतर कोणत्याही मोटारीइतकीच परावलंबी. आमच्या कसोटीवर मूळ थार ही बव्हंशी उतरते. ही दुसरी उतरत नाही. एकाच साच्यातून निघालेल्या ह्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या म्हणजे परंपरा आणि सोंग ह्यांतील अंतर समजावून सांगण्यास वेगळ्या व्याख्येची गरज राहत नाही. गंमत अशी की लांबून पाहणाऱ्याला दोहोंत भेद दिसत नाही. तो कळण्यास घाटच चढावा लागतो.

रूप कोणाच्या मालकीचे, ह्या प्रश्नाचा निवाडा न्यायासनांपुढेही झाला आहे. महिंद्राने 'रॉक्सर' नावाची जीपच्या वळणाची गाडी अमेरिकेत विकावयास काढली तेव्हा जीप ह्या नावाची तत्कालीन मालक फियाट-क्रायस्लर हिने २०१८ साली तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार नेली. चौकोनी अंग, पुढे निमुळते होणारे सपाट बॉनेट, उभ्या फटींची जाळी, तिच्यात बसवलेले वाटोळे दिवे, ही सारी मिळून जी मुद्रा उमटते ती आमची आहे, असे तिचे म्हणणे होते. जून २०२० मध्ये आयोगाने ते मान्य केले; महिंद्राने चेहरा बदलल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात बदललेल्या गाडीला मोकळीक मिळाली. निर्णय कायद्याने योग्य असेल. तो तपासण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु टीकाकाराला त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जे रूप काटकसरीने आणि गरजेने घडवले, जे बॅन्टमने आरंभिले, फोर्डने सुधारले आणि विलिजने आपले म्हणून मिरवले, ते अखेर एका कंपनीची मुद्रा ठरले. आणि सात दशके परवान्याने व अनुभवाने तेच रूप घडवणारे कारखाने नकलाकार ठरले. गरजेतून आलेले रूप कोणाचेच नसते. ती गरज संपली की त्याला मालक मिळतो.

आपल्या देशाच्या कायद्याने निराळी बाजू धरली आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ स्वरूपाशी न जुळेल असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सांगितले. जुलै २०२१ मध्ये पुरातन मोटारींच्या नोंदणीचे नियम निघाले. त्यांप्रमाणे वाहन ५० वर्षांहून जुने हवे, आणि त्याचा सांगाडा, अंग व इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रूप आणि यंत्र मिळून एकच वस्तू होते. विचार म्हणून हे निर्दोष आहे. पण निंबाच्या झाडाखालच्या आमच्या मिस्त्रीने जगवलेली जीप ह्या व्याख्येत बसत नाही. तिला पुरातनाचा मान नाही, कारण ती जिवंत राहण्यासाठी बदलली. काचेच्या पेटीत राहिलेल्या वस्तूला इतिहास म्हणावयाचे आणि वापरात झिजलेल्या वस्तूला भंगार, ही वृत्ती कायद्यापुरती नाही. ती आमच्या वाङ्मयेतिहासातही आहे.

जुन्याच्या कट्टर भोक्त्यांस येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मूळ यंत्र जसेच्या तसे राहावे ही त्यांची मागणी संग्रहालयात शोभते. घाटात शोभत नाही. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते. लांब उतारावर ते पुनःपुन्हा दाबले म्हणजे तापतात, आणि तापले म्हणजे धरीत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातील ड्रायव्हरांचा नियम ह्या भयातून निघाला आहे. तिच्यात ना पट्टे होते ना धडकेपासून वाचवणारे काही. नव्या थारला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक आहेत, चाके जाम होऊ न देणारी योजना आहे, हवेच्या दोन उश्या आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेच्या धडकेच्या कसोटीत तिला प्रौढांच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही सुरक्षिततांसाठी पाचांपैकी चार तारे मिळाले. माणसाचे प्राण वाचवणारे यंत्र रूपाच्या शुद्धतेसाठी नाकारणे, ह्याला रसिकता म्हणता येणार नाही. यंत्र नवे करणे हे येथे केवळ सोयीचे नाही, कर्तव्याचे आहे.

ह्याच प्रश्नाची आमच्या वाङ्मयातील साक्ष काढावयाची तर मर्ढेकरांकडे जावे लागते. १९४७ साली निघालेल्या त्यांच्या 'काही कविता' ह्या संग्रहात अभंग आणि ओवी हे संतांचे छंद यंत्रयुगातील शहराचा अनुभव बोलू लागले. त्या काळी अनेकांस तो अधिक्षेप वाटला. पण अभंगाची चाल तेथे शोभेसाठी घेतलेली नाही. भक्तीच्या चालीत भक्ती हरवल्याची वेदना ऐकू यावी, ह्यासाठी ती घेतली आहे. छंद काढून घ्या आणि तोच मजकूर गद्यात सांगा. कवितेचा कणाच मोडेल. म्हणून ती परंपरा. ह्याउलट प्रत्येक पिढीत असे पद्यकार निघतात की, ज्यांच्या रचनेत 'तुका म्हणे'च्या धर्तीवर स्वतःच्या नावाची मुद्रिका असते, चार जुने प्रत्यय असतात, आणि आत सांगण्याजोगे काही नसते. त्यांच्या अभंगाला दुसरा दांडा नसतो.

चिखलदऱ्याच्या लगतच गाविलगड उभा आहे. अहमदशहा बहामनीने १४२५ च्या सुमारास तो दगडात बांधून काढला, पुढे इमादशाहीत त्याची डागडुजी झाली, आणि डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी त्याच्या बाहेरच्या तटाला खिंडार पाडले. आज त्या तटावर झाडे वाढली आहेत. तो कोणाचे रक्षण करीत नाही आणि करतो असा आवही आणीत नाही, म्हणून त्याच्याकडे आदराने पाहता येते. उद्या एखाद्या विश्रामगृहाने सिमेंटचा बुरूज उभारून त्याला गाविलगडाचे नाव दिले, तर तो पाहून मूळच्या दगडांविषयीचा आदर वाढेल की कमी होईल? आमच्या मते कमी होईल. नक्कल फार झाली म्हणजे मूळ वस्तूही नकलेसारखी दिसू लागते. जीपच्या बाबतीत हे घडू लागले आहे. घाटाच्या कडेला दमून उभी असलेली एखादी खरी जुनी जीप पाहून तरुण मुलांना ती थारची फाटकी प्रत वाटते, आणि त्या मुलांचा त्यात अपराध नाही.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. चारही चाकांनी चालणारी थार हे मूळ जीपचे चांगले रूपांतर आहे. चांगल्या रूपांतरकाराप्रमाणे तिने बरेच नवे आणले, थोडे गाळले, आणि जे राखले त्यातील मोठा भाग अर्थपूर्ण आहे. दोन चाकांच्या आवृत्तीत जीपचे केवळ मुखपृष्ठ उरले आहे. घेणाऱ्याने ती खुशाल घ्यावी, पण जीप घेतली असे समजू नये. आणि दोन्ही गाड्यांवर एक देणे शिल्लक आहे. ज्या रूपाच्या बळावर त्या विकल्या जातात ते रूप आपल्या मनात प्रिय झाले, ते केवळ वाटोळ्या दिव्यांमुळे झाले नाही. डोंगरातल्या गावाला डॉक्टर, शिक्षक, मतपेटी आणि बाजार त्या गाडीने आणून दिला म्हणून झाले. त्या ऋणाची फेड जाहिरातीत होत नाही. ह्या घडणीची पुढची आवृत्ती काढताना कारखान्याने फाळका आणि समोरासमोरचे दोन बाक परत आणावेत. त्यांना पट्टे असावेत, पाठीला आधार असावा, धडकेची कसोटी त्यांनीही द्यावी. नव्या यंत्राला हे अवघड नाही. बाजाराहून परतणारी कोरकू म्हातारी आपली टोपली घेऊन त्या बाकावर निर्धास्तपणे बसून सेमाडोहला पोचली, म्हणजे जुने रूप खरोखर परत आले असे आम्ही म्हणू.